पेडणेकरकाकांचं वार्निश

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत जिन्याखालच्या बोर्डावर एक सूचना होती : 'उद्या सकाळी पाणी येणार नाही.' मी लग्न होऊन त्या इमारतीत राहायला आले तेव्हा पहिल्याच संध्याकाळी ती वाचली आणि नव्या सुनेच्या उत्साहाने बादल्या, पिंप, पातेली, इतकंच काय, देवघरातला गडूसुद्धा भरून ठेवला. दुसऱ्या दिवशी नळाला पाणी धो धो आलं. संध्याकाळी येऊन बघते तर सूचना तशीच. मी पुन्हा सगळं भरलं. असं तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी आमटी करायला पातेलं मिळेना तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "नीला, हे रोज काय चाललंय तुझं?" मी सूचनेचं सांगितलं. त्या पोट धरून हसल्या. म्हणाल्या, "अगं, ती पेडणेकरांची सूचना. चार वर्षं झाली तिला. निघतच नाही."

झालं होतं असं की, सोसायटीचे सेक्रेटरी सबनीस यांनी आमच्या शेजारच्या पेडणेकरांना बोर्डाच्या लाकडाला जरा पॉलिश करून द्यायला सांगितलं. पेडणेकरांनी दिलं. पण बोर्डावर एक कागद होता, त्याचे कोपरे वर आले होते, आणि कोपरे वर आलेला कागद बघून त्यांच्या जिवाची तगमग झाली. त्यांनी कागदालाही वार्निशचे दोन हात दिले. नंतर सबनीसांनी सुरी लावली, गरम पाणी लावलं, रॉकेल लावलं. सूचना हलली नाही. शेवटी त्यांनी तिच्याखाली पेनाने 'ही सूचना जुनी आहे' असं लिहायचा प्रयत्न केला, तर पेन त्यावरून घसरून गेलं.

ही माझी पेडणेकरकाकांशी पहिली ओळख. माणूस दिसायच्या आधी मला त्यांचं वार्निश भेटलं.

त्यांची गॅलरी आणि आमची गॅलरी यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत होती. त्या भिंतीवरून साखर, वर्तमानपत्र, माशाची आमटी आणि टोमणे यांची देवाणघेवाण चाले. काकांचे वडील गिरणीत होते. काका मात्र एका रंगाच्या कारखान्यात चिकटले आणि तीस वर्षं वार्निशच्या खात्यात काढून निवृत्त झाले. उभट चेहरा, काटक अंग, केस इतके चापून बसवलेले की त्यांनाही एक हात मारलाय अशी इमारतीत अफवा होती. मुंबईत जन्म गेला तरी त्यांची मालवणी जराही पुसट झाली नव्हती. पहिल्या भेटीपासून मला 'बाय' म्हणू लागले, ते शेवटपर्यंत.

"रंग काय गो बाय, कोण पण फासता," ते म्हणायचे. "वार्निश लावूक जीव लागता."

जगाकडे बघायची त्यांची ही एकच खिडकी होती. कुणाच्या मुलीला स्थळ आलं आणि मुलगा बघून झाला की लोक काकांना विचारायचे. काका डोळे बारीक करून सांगायचे, "वरसून चकचकीत हा. पण खाली पॉलिशपेपर मारूक नाय." ते स्थळ मग मोडायचं. आमच्या यांना पहिल्यांदा बघून त्यांनी काय मत दिलं होतं ते मी सासूबाईंना पुष्कळ वेळा विचारलं. त्या विषय बदलायच्या.

घरातल्या एकाही वस्तूला त्यांनी सोडलं नव्हतं. पाट, पोळपाट, बुद्धिबळाच्या सोंगट्या, रेडिओचं खोकं, रेशनकार्डाचं कव्हर. दिवाणखान्यात सावंतवाडीच्या लाकडी फळांची परडी होती, तिच्यात त्यांनी एकदा एक खरा चिकू वार्निशचे पाच हात देऊन ठेवला. का, तर बघू किती टिकतो. सात महिन्यांनी सबनीस स्पिरिटच्या वासाची तक्रार घेऊन आले. सबनीस तक्रार नेहमी उभ्याने करायचे, पण काकांनी त्यांना बसवलं आणि परडी पुढे केली. "ह्येच्यात एक फळ खरा हा. वळखा बघू."

सबनीस पडले हिशेबनीस. त्यांनी प्रत्येक फळ उचलून, वजन करून, कानाशी हलवून पाहिलं आणि पूर्ण आत्मविश्वासाने आंब्याला चावा घेतला. आंबा लाकडाचा होता. सबनीस गाल धरून बसले. मग काकांनी सुरीने चिकू कापला. आत चमचाभर तपकीर निघाली, बाकी काही नाही. "आतला सोडा हो," काका अभिमानाने म्हणाले, "भायरसून बघा! काल झाडावरसून उतरवल्यासारखो." सबनीस तक्रार न करताच गेले. त्यांना बोलता येत नव्हतं.

आता वाटेल की असल्या माणसाबरोबर संसार करणारी बाई रडकुंडीला आली असेल. मालतीकाकी तशा नव्हत्या. त्या रंगवायच्या आणि काका वार्निश लावायचे, असं ते जोडकाम होतं.

काकी रंगवायच्या ते मावळे. दिवाळीत सोसायटीची पोरं पाण्याच्या टाकीशेजारी विटा-मातीचा किल्ला करायची, त्यावर मांडायचे. कुंभाराकडून दोन इंची कोरे मावळे यायचे, पांढरे, डोळे नसलेले. काकी जेवणं आटोपली की गॅलरीत उजेडाला बसायच्या आणि पोस्टर कलरने एकेक रंगवायच्या. खारीच्या केसांचा कुंचला, त्यातलेही बरेच केस कापून टाकलेले. मिशी एका फटक्यात. पागोट्याचा काठ दुसऱ्या फटक्यात. बघणाऱ्याचा श्वास अडकायचा.

आणि खरी गंमत वेगळीच होती. काकींच्या मावळ्यांना इमारतीतल्या माणसांचे चेहरे असायचे. आधी त्या कबूल करायच्या नाहीत, पण पहाऱ्यावरचा मावळा चष्मा लावून उभा असला तर तो सबनीसांखेरीज कोण असणार?

"मावळ्याला चष्मा?" सबनीस खवळून म्हणाले होते. "वहिनी, हा इतिहासाचा अपमान आहे!"

"भावजी, चष्मा काढला तर तुम्हाला शत्रू दिसेल का?" काकींनी शांतपणे विचारलं.

तळमजल्याचे डॉक्टर भालदार होते, हातात भाला इंजेक्शनसारखा धरलेला. आमचे हे किल्ल्याच्या मागच्या बाजूला एका दगडाला टेकून झोपलेले. मी विहिरीवरची गवळण होते, पण खांद्याला पर्स आणि एक पाय पुढे, विमा कचेरीत जायला उशीर झाल्यासारखी. महाराज मात्र फक्त महाराज. त्यांना रंगवायच्या दिवशी काकी आंघोळ करून, कुणाशी न बोलता बसायच्या. बाकीच्या सगळ्या इमारतीत मात्र दिवाळीच्या आठ दिवस आधीपासून काकींशी गोड बोलायची चढाओढ लागायची. मागल्या वर्षी कुणी पाण्यावरून भांडलं असेल तर तो या वर्षी गाढवाशेजारी उभा राहायचा.

पोस्टर कलर पाण्याने निघतो. घामेजलं बोट लागलं तरी मिशी पुसली जाते. त्यात किल्ल्यावर पोरं अळीव पेरायची आणि दिवसातून चार वेळा पाणी शिंपडायची. म्हणजे वार्निश नाही तर मावळा किल्ल्यावर जाऊच शकत नाही. इथे काकांचा प्रवेश व्हायचा.

त्यांचं वार्निश घरचं असे. लाखेचे पापुद्रे, म्हणजे चपडा, स्पिरिटमध्ये विरघळवायचा, काकींच्या जुन्या मलमलच्या साडीतून गाळायचा आणि खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत भरायचा. ही बाटली फडताळात खऱ्या खोकल्याच्या औषधाशेजारीच असायची आणि त्या घरात कुणालाही कधी खोकला झाला नाही. या वार्निशचा एक शत्रू होता : दमट हवा. हवेत ओल असताना लावलं तर वाळताना त्यावर पांढरी साय धरते आणि खालचा रंग दिसेनासा होतो. मुंबईसारख्या गावात असलं वार्निश वापरणं म्हणजे मुळात वेडेपणा. पण काकांना दुकानातलं तयार वार्निश चालत नसे. तीस वर्षं तेच बनवल्यामुळे त्यात काय घालतात ते त्यांना माहीत होतं.

हवा कोरडी आहे का हे ओळखायला त्यांनी पापड लावला होता. सकाळी दहाला एक उडदाचा पापड भाजायचा आणि गॅलरीत दोरीला चिमट्याने अडकवायचा. पाऊण तासाने काका तो काढून दोन बोटांत धरायचे. कट्ट करून मोडला तर वार्निश लावायचं. वाकला तर नाही. कारखान्यात यासाठी काचेचं मीटर होतं, पण काकांच्या मते मीटर खोटं बोलतं, पापड नाही.

या पापडाची इमारतीला सवय झाली होती. बायका खालून विचारायच्या, "काका, आज पापड काय म्हणतो?" मोडला असेल तर कुरडया वाळत पडायच्या, गाद्या उन्हात यायच्या. टीव्हीवरच्या हवामानाच्या बातम्यांवर आमच्याकडे कुणीही विश्वास ठेवत नसे.

पापड मोडला की मग सोहळा. काका शर्ट आणि बनियन काढायचे, कारण कापडाचे तंतू उडतात. डोक्यावर साडीच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी बांधायचे, कारण केस गळतात. पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, डोक्यावर 'लग्नाचा बस्ता एकाच छताखाली' असं छापलेली पिशवी आणि हातात कुंचला. पंखा बंद. आमच्या घरी फोडणी बंद. शिंकायची बंदी तर दोन्ही घरांना होती. आमच्या सासऱ्यांना एकदा शिंक आली तेव्हा ते धावत जिना उतरून बसस्टॉपपर्यंत गेले आणि तिथे शिंकून आले. काका श्वास रोखून एका मावळ्यावरून एकाच दिशेने कुंचला फिरवायचे, मग श्वास सोडायचे. बावीस मावळे, बावीस श्वास. झालं की काकी एकेक मावळा उजेडात धरून म्हणायच्या, "आता जिवंत झाले." मला वाटतं, काका हे एवढं ऐकण्यासाठीच वार्निश लावत असावेत.

मग एका दिवाळीत भाऊबिजेच्या दिवशी कुणातरी कार्ट्याने बुरुजात सुतळी बॉम्ब लावला. किल्ला गेला, मावळे गेले. सबनीसांचा चष्म्यासकट वरचा अर्धा भाग तेवढा टाकीवर सापडला. वार्निश मात्र कुठेही सुटलं नव्हतं, असं काकांनी तुकडे गोळा करताना सगळ्यांना दाखवलं.

"जाऊ दे," काकी म्हणाल्या. "पुन्हा रंगवीन."

पण त्या वर्षी त्यांच्या डोळ्यांचं दुखणं उघडकीला आलं. डोळ्यामागची नस सुकत चालली होती. ऑपरेशनचा उपयोग नाही, पुढच्या दिवाळीपर्यंत दिसेल, त्यानंतरचं सांगता येत नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. काकींनी हे मला पोहे परतता परतता सांगितलं. "कडेकडेचं गेलंय बघ नीला. मधे एक रुपयाच्या नाण्याएवढं राहिलंय. पण त्यात एक मावळा बरोब्बर बसतो."

आणि त्या रंगवायला बसल्या. पूर्वी महिन्यात व्हायचं ते काम आता रोज अर्धा तास, डोळे दुखेपर्यंत. फाल्गुनात सुरुवात केली ती नवरात्राच्या आधी बावीस पुरे झाले. मी खोटं सांगणार नाही, ते आधीच्यांहून चांगले होते. सबनीसांच्या चष्म्याला या खेपेला दोरीसुद्धा होती. काकींनी मला एवढंच सांगितलं, "किल्ल्यावर हे चकाकताना एकदा बघायचेत मला. मग डोळे गेले तरी चालेल." चालेल असं म्हणाल्या खऱ्या, पण हातातला मावळा काही खाली ठेवेनात. मला गॅलरीतून आत यावं लागलं.

आता फक्त वार्निश राहिलं होतं. आणि पेडणेकरकाका, ज्यांनी पाण्याच्या सूचनेला सोडलं नाही, चिकूला सोडलं नाही, ते वार्निश लावीनात.

रोज पापड लटकायचा. रोज पाऊण तासाने काका तो काढायचे आणि जाहीर करायचे, "वाकलो." ऑक्टोबरचं ऊन असं की दोरीवरचे कपडे कडक होत होते. एकदा मी भिंतीपलीकडेच उभी होते. कट्ट असा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला.

"काका, मोडला ना!"

"आधी वाकलो," काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "मगे मोडलो."

दसरा गेला. कोजागरी गेली. बायका गोंधळल्या, कुरडया कधी घालाव्यात कळेना. आणि दिवाळी आठ दिवसांवर आली असताना मुलुंडवर ढग आले. अवेळी, घामट, कोंदट. मिठाच्या बरणीत चमचा उभा राहू लागला. आता काकांना खोटं बोलायचीही गरज उरली नव्हती. पापड दोरीवरच ओल्या फडक्यासारखा लोंबायचा. पोरांचा किल्ला तयार होता. काकींचं नाणं लहान होत होतं.

मग एका सकाळी काका आंघोळीला गेलेले असताना काकी भिंतीपाशी आल्या. चाचपडत, हलक्या आवाजात म्हणाल्या, "नीला, तुझ्या गॅसवर एक पापड भाज. बोलू नको काही."

मी भाजला. विचार केला नाही असं नाही, पण भाजला. काका टॉवेलने कान पुशीत बाहेर आले तेव्हा दोरीवर त्यांच्या पापडाच्या जागी माझा ताजा पापड होता. काकांनी तो दोन बोटांत धरला. कट्ट झालं. इतक्या मोठ्याने की खालून सबनीसांनी विचारलं, "मोडला का?"

सगळ्या इमारतीने ऐकलं होतं. काकांचा चेहरा पडला. आभाळाकडे बघितलं, पापडाकडे बघितलं. आभाळ काळं होतं, पण पापड खोटं बोलत नाही, हे त्यांनीच आम्हाला वीस वेळा सांगितलेलं. त्यांनी गपचूप बनियन काढला आणि डोक्याला पिशवी बांधली.

बावीस श्वासांनी बावीस मावळे झाले. दहा मिनिटं सगळं झकास चकाकत होतं. मग सबनीसांच्या पागोट्यावर पांढरा डाग उठला. मग डॉक्टरांच्या. बघता बघता सगळे बावीसच्या बावीस पांढरेफटक पडले. मिशा गेल्या, काठ गेले, माझी पर्स गेली. सात महिन्यांचं काम दह्यात बुडवल्यासारखं दिसत होतं. काका तशाच अवतारात, डोक्यावर बस्त्याची पिशवी, मटकन खाली बसले.

मी भिंतीपलीकडे मेल्याहून मेल्यासारखी उभी. "वाट लागली," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

काकींनी हात पुढे केला. "द्या बघू एक." काकांनी दिला नाही, तेव्हा त्यांनीच चाचपून एक उचलला आणि नाकाशी आणून आपल्या नाण्याएवढ्या नजरेत धरला. किती तरी वेळ धरला. मला वाटलं, आता रडतील.

"ह्यो कोण?" त्यांनी विचारलं.

"सबनीस," काका कसेबसे म्हणाले.

"मेलो पिठाच्या गिरणीतसून इलो काय?" आणि काकी हसू लागल्या. अशा हसल्या की त्यांना ठसका लागला.

काका हसले नाहीत. "पापड कसो मोडलो?" ते स्वतःशीच पुटपुटत होते. "अशा हवेत पापड मोडताच कसो?"

"मी नीलाकडसून गरम भाजून घेतलंय," काकींनी सांगून टाकलं. मी भिंतीखाली बसले. पण काका माझ्यावर ओरडले नाहीत. धूळ उडाली तर अख्खा मजला डोक्यावर घेणारा हा माणूस, मान खाली घालून म्हणाला, "आणि मी इतके दिवस मोडलेलो पापड वाकलो म्हणून सांगी होतंय."

"ठाव आसा माका. कान शाबूत आसत माझे."

"मगे बोललंस कित्या नाय?"

"तुमी कित्या लावलात नाय, ता आधी सांगा."

काकांनी डोक्यावरची पिशवी काढली. ती घडी घालून मांडीवर ठेवली. "वार्निश लावला की काम संपला, मालती. मगे त्येच्यावर रंग चढना नाय. मी लावलंय असतंय तर तुझा संपला असता. म्हटलंय, एक दिस ऱ्हवांदे. कोणाची तरी मिशी तुका परत करूची वाटात."

काकींनी पांढरे सबनीस काकांच्या हातात दिले. "संपला तर संपला ओ. पण माका चकाकताना बघूचे आसत. ह्ये पुसा आधी."

तेव्हा काका उठले. आधीचा तो मटकन बसलेला माणूस आणि हा माणूस एकच होता असं सांगून पटलं नसतं. फरसाणाचा मोठा डबा रिकामा केला, झाकणाला भोक पाडून आत दिव्याचा बल्ब सोडला आणि पाळीपाळीने पाच-पाच मावळे आत ऊब घेत बसवले. फरसाण आम्हाला खावं लागलं. तीन दिवस शेक आणि मग स्पिरिटमध्ये नुसता बुडवून झटकलेला कुंचला, एकदाच, हलकेच, श्वास रोखून. जरा जास्त फिरला असता तर वार्निशबरोबर रंगही निघाला असता. पहिले सबनीसच घेतले, काही झालंच तर कमी वाईट वाटेल म्हणून. कुंचला फिरला आणि सायीखालून आधी चष्मा वर आला, मग दोरी, मग तो नेहमीचा तक्रारखोर चेहरा. सबनीस दारातच उभे होते. स्वतःला पुन्हा प्रगट होताना बघून त्यांनी डोळे पुसले. नंतर ते म्हणाले की स्पिरिट डोळ्यांत गेलं.

नरकचतुर्दशीला सकाळी पोरांनी किल्ल्यासमोर काकींसाठी खुर्ची मांडली. मावळे जागोजाग उभे होते, ऊन त्यांच्यावर पडलं होतं आणि प्रत्येक पागोट्यावर टिकलीएवढा उजेड होता. काकी एकेकावर नजर नेत गेल्या, कारण दोन एकदम दिसत नव्हते. पहिल्यापासून बाविसाव्यापर्यंत अर्धा तास लागला. काका खुर्चीमागे हात बांधून उभे, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखे. शेवटी काकी म्हणाल्या, "जिवंत झाले." काका घाईघाईने टाकीमागे गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

त्यानंतर तीन वर्षांनी आम्ही बोरिवलीला नवी जागा घेतली. निघायच्या दिवशी मी निरोप घ्यायला पलीकडे गेले. काकींची नजर तोवर पूर्ण गेली होती. त्या गॅलरीत बसल्या होत्या, मांडीवर ताट, ताटात बावीस मावळे. दिवाळीनंतर ते किल्ल्यावरून थेट त्यांच्या मांडीवर आले होते आणि तिथेच राहिले होते. त्या एकेक उचलून बोटाने चाचपायच्या. रंगाचा, मिशीच्या जाड रेघेचा, चष्म्याच्या दोरीचा उंचवटा त्यांच्या बोटाला कळायचा. "ही तू," मला म्हणाल्या आणि माझ्या पर्सवर बोट ठेवलं. "अजून उशीरच होतोय का गं तुला?"

रोजच्या हाताळण्याने वार्निश झिजायचं. म्हणून काका दर दोन-तीन महिन्यांनी त्यांना नवा हात देत. त्या दिवशीही तयारी होती : बनियन काढलेला, डोक्यावर तीच पिशवी, अक्षरं उडालेली. फक्त एक बदल झाला होता. पापड आता काका बघायचे नाहीत. दोरीवरून काढून तो काकींच्या कानाशी धरायचे आणि निर्णय काकींचा.

माझ्यासमोर त्यांनी पापड कानाशी नेला आणि मोडला. उन्हाळ्याचे दिवस, लख्ख कोरडी हवा. असा खणखणीत कट्ट आवाज आला की दोरीवरचा कावळा उडाला.

काकींनी दोन्ही हात ताटावर ठेवले. वार्निश लावलं की ते पक्कं वाळेपर्यंत तीन दिवस मावळ्यांना हात लावायचा नाही, हा काकांचाच नियम होता.

"वाकलो," काकी म्हणाल्या.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी काही ऐकलं नव्हतं. त्यांनी कुंचला बाटलीत ठेवला, बूच लावलं, डोक्यावरची पिशवी काढली.

"वाकलो तर वाकलो," ते म्हणाले आणि पापडाचा एक तुकडा काकींच्या हातावर ठेवून, दुसरा कुरकुरत स्वतः खात खाली बसले.